इस्तंबूलमार्गे इटली-स्वित्झर्लंड : रोख किती न्यावी आणि वाटेतला मुक्काम किती रात्रींचा?

तुम्ही विचारलंय की तीन आठवड्यांच्या या प्रवासासाठी तुर्कस्तानचे लिरा, इटलीतले युरो आणि स्वित्झर्लंडचे फ्रँक अशी तिन्ही चलनं निघण्याआधीच घेऊन ठेवावीत का, आणि इस्तंबूलला थांबायचं तर जाताना की येताना, किती दिवस. माझं मत स्पष्ट आहे. सोबत फक्त युरो न्या, लिरा आणि फ्रँक लागतील तसे तिथेच काढा. इस्तंबूलचा मुक्काम जाताना करा आणि किमान दोन रात्री राहा.

आधी मुक्कामाचं बघू, कारण तो पक्का झाल्याशिवाय पैशांचा हिशेब लागत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांच्या आतला थांबा हा नुसता विमानबदल धरला जातो. एकाच तिकिटावर असाल तर सामान बहुधा थेट शेवटच्या ठिकाणी जातं आणि भाड्यात फरक पडत नाही. २४ तास ओलांडले की तो वेगळा मुक्काम धरतात. मग सामान ताब्यात घ्यावं लागतं, विमानतळाचे कर वाढू शकतात आणि भाड्याचे नियमही बदलू शकतात. म्हणून एका रात्रीचा मुक्काम मला अजिबात पटत नाही. हॉटेल, शहरात जाणं-येणं, सामानाची ओढाताण, नवीन चलन हा सगळा खर्च पुरेपूर होतो आणि हाती येतो जेमतेम अर्धा दिवस. इस्तंबूलचा मोठा विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. २०२३पासून तिथे मेट्रो पोहोचली, तरी गाडी बदलून मध्यवर्ती भागात पोहोचेपर्यंत तास-दीड तास जातोच. तेव्हा एक तर २४ तासांच्या आत उरका, नाही तर दोन-तीन रात्री निवांत राहा. थोडक्यात उरकायचं असेल तर टर्किश एअरलाइन्स सहा ते २४ तास थांबणाऱ्या आपल्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांना शहराची मोफत सहल घडवते. ठरावीक देशांतून येणाऱ्यांना लांबच्या थांब्यासाठी हॉटेलही देते. तुमचं तिकीट त्यात बसतं का, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या.

जाताना थांबायचं माझं मुख्य कारण म्हणजे हाताशी थोडा जादा वेळ राहतो. पहिलं विमान उशिरा सुटलं किंवा सामान मागे राहिलं, तर इस्तंबूलचा अर्धा दिवस कमी होईल, पण रोमचं हॉटेल आणि पुढच्या रेल्वेची तिकिटं शाबूत राहतील. येताना माणूस दमलेला असतो, बॅगा फुगलेल्या असतात आणि मन घरी पोहोचलेलं असतं. अशा वेळी एवढं मोठं शहर नुसतं उरकलं जातं.

तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडा आणि सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि एक विमान चुकलं, तर पुढची कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. एका तिकिटातला मधला टप्पा मनाने सोडू नका, कारण पुढचे टप्पे आपोआप रद्द होऊ शकतात. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, दुसरा सबिहा गोकचेन आशियाई बाजूला. उतरायचं एकीकडे आणि पुढचं विमान दुसरीकडून, असं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

वारही बघा. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो, ग्रँड बाजार रविवारी, आणि आया सोफियात शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, इटली आणि स्वित्झर्लंड दोन्ही होतात, पण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. विमानतळाबाहेर पडायला तुमच्या पासपोर्टवर काय लागतं ते वेगळं तपासावं लागेल. प्रवास विमा फक्त शेंगेन देशांपुरता काढलेला नाही ना, हेही बघा. वाटेतल्या मुक्कामाचा देश त्यात बऱ्याचदा राहून जातो.

आता पैसे. चलन बदलण्याच्या दुकानावर ‘कमिशन नाही’ अशी पाटी असली तरी त्यांची कमाई खरेदी आणि विक्रीच्या भावांमधल्या फरकातून होत असते. समजा फलकावर एका युरोला खरेदीचा भाव ४५ लिरा आणि विक्रीचा ५० आहे. १०० युरो दिलेत की ४,५०० लिरा मिळाले. ते न वापरता तसेच परत केलेत, तर हातात ९० युरो येतील. नुसत्या जाण्यायेण्यात दहा युरो गेले. विमानतळावरच्या खिडक्यांवर हा फरक बहुतेक वेळा सर्वांत मोठा असतो. म्हणून चलन कमीत कमी वेळा बदलायचं, हे एकच सूत्र मी पाळतो. लिरा निघण्याआधी घेऊच नये. त्याचा भाव तुमच्या देशात सहसा वाईट मिळतो, शिवाय गेली काही वर्षं लिरा सतत घसरत आलाय, त्यामुळे पुढच्या वेळेसाठी साठवण्यातही अर्थ नाही.

इस्तंबूलला उतरल्यावर बँकेच्या एटीएममधून एकदाच, दोन दिवसांच्या हातखर्चापुरते लिरा काढा. प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क लागत असेल, तर चार वेळा थोडे थोडे काढणं महागात पडतं. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका, व्याज बहुधा त्याच दिवसापासून सुरू होतं. आणि एटीएमच्या पडद्यावर शेवटी जो प्रश्न येतो तो नीट वाचा. मोठ्या अक्षरांत तुमच्या घरच्या चलनातली रक्कम दिसते, शेजारी ‘हमी दर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली दोन बटणं असतात : रूपांतर मान्य, रूपांतर नको. ‘नको’ दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, या भीतीने बरेच जण ‘मान्य’ दाबतात. व्यवहार रद्द होत नाही. ‘नको’ दाबलं तरी नोटा येतात, फक्त दर तुमची बँक आणि कार्डाचं नेटवर्क लावतं, आणि तो जवळजवळ नेहमीच बरा असतो. दुकानात, हॉटेलात कार्ड मशीनवर दोन रकमा दिसल्या तरी हेच करा : त्या देशाच्या चलनातलीच निवडा. वेटरने विचारायच्या आधी स्वतः सांगा, कारण कधी कधी तो आपणहून बटण दाबून मोकळा होतो.

युरो किती न्यायचे? दोन्ही कार्डं बंद पडली तर दोन-तीन दिवसांचं जेवण, प्रवास आणि एका रात्रीची खोली भागेल एवढे. त्यात इटलीतला पर्यटक कर धरा. तो अनेक हॉटेलं खोलीच्या भाड्याशिवाय वेगळा, आणि काही ठिकाणी रोखच घेतात. बाकी इटलीत कार्ड सर्रास चालतं. नोटा ५०च्या आतल्या मागा. ५०० युरोची नोट काढणं २०१९मध्ये थांबलं. ती आजही वैध आहे, पण दुकानदार घ्यायला तयार नसतात. रोख दोन ठिकाणी विभागून ठेवा आणि दुसरं कार्ड पाकिटात नको, वेगळ्या बॅगेत. हॉटेलची अनामत प्रीपेड कार्डावर देऊ नका. अडकलेली रक्कम मोकळी व्हायला बरेच दिवस लागू शकतात आणि तेवढ्यात प्रवास संपतो.

स्वित्झर्लंडमध्ये कार्डावर जवळजवळ सगळं होतं. बरीच दुकानं युरोही घेतात, पण भाव त्यांचा असतो आणि मोड फ्रँकमध्ये मिळते. तेव्हा फ्रँक काढायचेच तर अगदी थोडे. तिथली सर्वांत लहान नोट दहाची आहे आणि पाच फ्रँकपर्यंतची नाणी असतात, म्हणजे खिशातल्या मूठभर नाण्यांत चांगली रक्कम अडकते. चलन बदलणारे नाणी सहसा घेत नाहीत. शेवटच्या सकाळी हॉटेलचं बिल देताना आधी सगळी नाणी मोजून द्या आणि उरलेली रक्कम कार्डावर घ्यायला सांगा, काउंटरवरची माणसं ते आनंदाने करतात.

जाताना उरलेले लिरा येताना इस्तंबूलच्या विमानतळावर संपवता येतात. युरोच्या नोटा मात्र परत बदलू नका, पुढच्या प्रवासाला तशाच राहू द्या.