कॅम्पेन चेस्ट घेताना पितळ नंतर, आधी सांधा बघा

ताई, तुमचा प्रश्न आणि फोटो दोन्ही नीट पाहिले. पुण्यात कॅम्पातल्या एका व्यापाऱ्याकडे पाच खणांची, पितळी कोपऱ्यांची सागवानी चेस्ट आहे. तो तिला 'दीडशे वर्षं जुनी ब्रिटिश लष्करी कॅम्पेन चेस्ट', म्हणजे मोहिमेवर बरोबर न्यायची खणांची पेटी, म्हणतो आणि एक लाख ऐंशी हजार सांगतो. तुम्हाला त्यात पैठण्या आणि आईच्या शाली ठेवायच्या आहेत, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. शिवाय पुढेमागे ती मेलबर्नला मुलाकडे पाठवता येईल का, हेही विचारलंय. मी अठरा-वीस वर्षं असं सामान घेतोय, दुरुस्त करतोय आणि घरात वापरतोय. फोटोवरून खरी-खोटी ठरवणार नाही, पण ती तुमची तुम्हाला कशी ठरवता येईल ते सविस्तर लिहितो.

आधी हे सामान असं का घडवलं गेलं ते लक्षात घ्या, कारण सगळी पारख त्यातच आहे. इंग्रज अधिकाऱ्याला पलंग, खुर्ची, टेबल, कपड्यांची चेस्ट हे सगळं स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे आणि बदली झाली की बरोबर न्यावं लागे. आज मुंबई, उद्या कराची, परवा तंबूत. १८३८-३९ च्या अफगाण स्वारीत मुंबईची फौजही होती, आणि त्या स्वारीतल्या एका ब्रिगेडियरच्या खासगी सामानाला साठ उंट लागले असं सांगतात. उंटावर, बैलगाडीत, जहाजाच्या पोटात आदळत जाणारी वस्तू म्हणून ती दोन भागांत केलेली असते. वरच्या पेटीत दोन छोटे खण आणि एक लांब, खालच्या पेटीत दोन लांब. पाय फिरवून काढता येतात. खणांच्या कड्या लाकडात बुडवलेल्या असतात, म्हणजे दोरखंड अडकत नाही आणि शेजारच्या सामानाला ओरखडा जात नाही. पितळ कोपऱ्यांवर असतं, कारण मार तिथेच बसतो. यातलं काहीही शोभेसाठी नाही.

म्हणून व्यापाऱ्याला पहिलं वाक्य हे म्हणा: "वरचा भाग उचलून खाली ठेवा." खऱ्या चेस्टचे दोन भाग वेगळे होतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र, चारी बाजूंनी बंद पेटी असतो. खालच्या पेटीच्या माथ्यावर साधी, बिनपॉलिशची फळी दिसली पाहिजे. तिच्यावर बहुधा लाकडी खुंट्या असतात आणि वरच्या पेटीच्या तळाला त्यांच्या खाचा. दोन्ही भाग एकमेकांचे आहेत का तेही इथेच कळतं. रुंदी-खोली जुळते का, मागच्या फळ्या एकाच लाकडाच्या आहेत का, खणांच्या कोपऱ्यांतले डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकवलेले सांधे) एकाच हातचे वाटतात का, ते बघा. दोन वेगळ्या चेस्टचे अर्धे जोडून एक केलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. "जाम झालंय, निघत नाही," असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी सुतार घेऊन येते म्हणा. तरीही नकार दिला तर पुढे बोलूच नका.

तुमच्या तिसऱ्या मजल्याचा प्रश्नही इथेच सुटतो. साधारण सव्वातीन फूट रुंद, तेवढीच उंच आणि दीड फूट खोल अशी ही चेस्ट, खण काढून दोन भागांत, जुन्या वाड्याच्या जिन्यानेसुद्धा दोन माणसं वर नेतात. अखंड कपाटाला जिथे दोर लावून गॅलरीतून चढवावं लागतं तिथे ही सहज जाते. घरासाठी मी ही चेस्ट सुचवतो त्याचं मोठं कारण हेच.

दुसरी तपासणी खणांची. प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढा, उजेडात न्या आणि दर्शनी फळीची आतली बाजू पाहा. २००७ साली मी घेतलेल्या पहिल्या चेस्टचे दोन भाग होते, पितळ होतं, कड्या बुडवलेल्या होत्या. दुकानात मी खण अर्धवटच ओढून पाहिले. घरी आणून खालचा खण काढला तेव्हा आतून, कडीच्या दोन्ही बाजूंना, रुपयाएवढी दोन गोल ठिगळं दिसली. भोकं लाकडाच्या गुल्ल्यांनी बुजवून वर रंग मारला होता. म्हणजे तिथे पूर्वी लाकडी मुठी होत्या. घरातली साधी चेस्ट मधून कापून, पितळ ठोकून 'लष्करी' केलेली. लाकूड उत्तम होतं, आजही माझ्याकडे आहे, पण मी पैसे दिले ते तिच्या नसलेल्या इतिहासाचे. तेव्हापासून खण बाहेर काढल्याशिवाय मी भाव विचारत नाही.

पितळाकडे मी नंतर बघतो. जुनं पितळ जाड असतं आणि लाकूड कोरून त्यात असं बसवलेलं असतं की बोट फिरवलं तर कडा लागत नाही. पातळ पत्रा वरून ठोकला असेल तर नखाला लगेच अडकतो. स्क्रूची खाच एकच सरळ हवी. अधिकच्या खुणेचे, म्हणजे फुलीचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचे नसतात. दोन-चार स्क्रू बदलले असतील तर बिघडत नाही, सगळेच फुलीचे असतील तर विचारा. कुलपावर 'व्हीआर' आणि मुकुट असेल तर ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, १८३७ ते १९०१ मधलं. पण कुलूप बदलता येतं, त्यामुळे त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. पाय बहुतेक वेळा मूळचे नसतातच. सुटे असल्यामुळे ते प्रवासात हरवायचे. नवे पाय कातून लावले असतील तर भाव थोडा कमी करा, पण चेस्ट नाकारू नका.

आता लाकूड. विलायतेत बनलेल्या चेस्ट बहुधा महोगनीच्या असतात आणि त्यांच्या आत पाइनसारखं स्वस्त लाकूड सापडतं. आपल्याकडे घडलेल्यांत आत-बाहेर सागवान किंवा आतून तुणीचं लालसर लाकूड. तिसरा प्रकार चिनी कारागिरांनी केलेल्या कापराच्या लाकडाचा, आणि माझा जीव त्याच्यावर आहे. खडकीतल्या एका जुन्या बंगल्याच्या लिलावात तशी एक पाहिली होती. बाहेरून काळवंडलेली, एक पाय नाही. वरचा खण ओढला आणि देवघरातल्यासारखा कापराचा वास आला. खण उलटा केला तर तळाला शाईने चिनी आकडे काढलेले, कुठला खण कुठे बसतो ते कळावं म्हणून. पुण्यातल्या बंगल्यात ते आकडे मी खूप वेळ बघत उभा राहिलो. कसर या लाकडापासून लांब राहते, म्हणून लोकरी कपड्यांना ही चेस्ट फार चांगली.

बनवणाऱ्याचं नाव असेल तर ते बहुधा वरच्या खणाच्या काठावर किंवा कुलपावर असतं. लंडनची हिल अँड मिलार्ड, डब्लिनची रॉस अँड कंपनी ही त्यातली मानाची नावं. 'आर्मी अँड नेव्ही सीएसएल' अशी पट्टी दिसली तर ती आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीची. ही संस्था १८७१ मध्ये अधिकाऱ्यांनी स्वतः काढली, त्यामुळे तिची पट्टी असलेली वस्तू त्याआधीची असूच शकत नाही. मुंबईत काळा घोड्याला तिच्या दुकानाची इमारत अजून उभी आहे. मात्र चेस्टच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात 'कॅप्टन अमुक, बॉम्बे ग्रेनेडियर्स' असं ठळक रंगवलेलं दिसलं तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. रंग कालचा असू शकतो. नाव शोधता येतं. ब्रिटिश फौजेच्या छापील आर्मी लिस्ट स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून मोफत ठेवल्या आहेत. नाव, हुद्दा आणि पलटण तिथे जुळली तर मग आनंदाने थोडे जास्त मोजा.

फोटोत तुमची चेस्ट आरशासारखी चमकतेय, याची मला खरी काळजी वाटते. जुनं पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं. खणाच्या मागच्या कोपऱ्यात कापसाने थेंबभर स्पिरिट लावा. चिकट झालं तर चपडा. काहीच झालं नाही तर वर बहुधा मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे आजचं चकचकीत पॉलिश मारलंय, आणि त्याआधी मशीनने घासून शंभर वर्षांचा रंग उतरवलाय. तो परत येत नाही. घेतल्यावर तुम्हीही घासू नका. कोरड्या कपड्याने पुसायचं, वर्षातून एकदा मेणाचं पॉलिश, बस्स. पितळाला ब्रासो लावलं की कडेच्या फटीत पांढरी पूड बसते आणि निघता निघत नाही.

कीड आहे का ते बघायला चेस्टच्या खाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवायला सांगा. जुनी बारीक भोकं असू देत, पण कागदावर ताजी पिवळट भुकटी पडली तर आत भुंगा जिवंत आहे. उपचार करून घेतल्याशिवाय ती घरात आणू नका, नाहीतर दाराच्या चौकटींपर्यंत जाईल.

भावाबद्दल. वरच्या सगळ्या तपासण्यांत चेस्ट टिकली, पॉलिश मूळचं निघालं, तर एक लाख ऐंशी हजार हा बोलणी सुरू करण्याजोगा आकडा आहे. एकही मोठी खूण चुकली तर हिशेब सोपा करा: एवढ्याच मापाची नवी सागवानी चेस्ट चांगला सुतार कितीत करून देईल ते विचारा आणि त्यापेक्षा जास्त देऊ नका.

मेलबर्नचं मात्र मनातून काढा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. व्यापारी 'बिलावर नवीन फर्निचर लिहून देतो' म्हणेल. त्याला हो म्हणू नका. एक म्हणजे तो गुन्हा आहे, आणि दुसरं, तसं बिल घेतलंत की ती जुनी असल्याचा तुमच्याकडचा एकमेव कागदही गेला. मुलाला हवीच असेल तर त्याने तिकडेच लिलावात घ्यावी.

पैठण्यांसाठी खणात आधी धुतलेलं, बिनखळीचं मलमल अंथरा आणि साड्या मलमलमध्येच गुंडाळा. लाकडाचं तेल थेट जरीला लागू देऊ नका. कापराची चेस्ट मिळाली तर डांबरगोळ्या मुळीच टाकू नका. भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा. पावसाळ्यात खण घट्ट होतील, तेव्हा सुताराला बोलावून रंधा मारू नका. खणाच्या खालच्या धावेवर मेणबत्ती घासा आणि दसऱ्यापर्यंत वाट बघा, हवा कोरडी झाली की आपोआप सुटतात.

आणि हे जमलं नाही, भाव फारच वर गेला, तर घरातल्या किंवा गावाकडच्या माळ्यावर एकदा नजर टाका. आमच्याकडे आजोबांची मराठा पलटणीतली काळी पत्र्याची ट्रंक आहे, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली. ते नाव कुणाला सिद्ध करायची गरज नाही. मी ती कॅम्पेन चेस्टच्या शेजारीच ठेवली आहे आणि त्यात घरातल्या गोधड्या असतात.

दुकानात सकाळच्या उजेडात जा. टॉर्च, टेप, कापूस, छोटी स्पिरिटची बाटली आणि काळा कागद बरोबर न्या. खणांच्या आतल्या बाजूचे आणि दोन भागांच्या सांध्याचे फोटो काढून इथे टाका, मी बघून सांगतो.