आजोबांच्या ट्रंकेतलं मनिलाचं कार्ड

प्रश्न : आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत 'रेडिओ व्हेरितास एशिया, मनिला' असं छापलेलं कार्ड सापडलं. तारीख १९८५ची, वेळ ००.३०. आम्ही घरात तेलुगू बोलणारे पद्मशाली, आजोबा मागावर काम करायचे, घरात मार्कंडेयाची तसबीर. ख्रिस्ती रेडिओचं कार्ड आमच्याकडे कसं? आणि आजोबा रात्री साडेबाराला रेडिओ ऐकत होते का?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, आधी वेळेचं सांगतो. अशा कार्डावर ग्रिनिचची वेळ लिहितात. साडेपाच तास मिळवा, सकाळचे सहा झाले. पहिल्या पाळीला जाण्याआधी ऐकलेलं असणार.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पूर्व भागातली गिऱ्हाइकं ट्रान्झिस्टर काउंटरवर ठेवायची आणि एकच सांगायची, "शॉर्ट वेव्हवर तेलुगू लागलं पाहिजे." माग चालू असले की मोटारींच्या खरखरीत काही कळायचं नाही. लाइट गेली की सेलवरच्या रेडिओत मनिला शेजारच्या खोलीत असल्यासारखं यायचं! घरात तेलुगू, शाळेत आणि बाजारात मराठी. अशा माणसाला परदेशातून आपली बोली ऐकू येते, याचंच अप्रूप. त्यापायी कुणी धर्म बदलल्याचं मला तरी आठवत नाही.

हे स्टेशन आशियातल्या कॅथलिक बिशपांनी उभं केलं. यंत्रसामग्रीला पैसा पश्चिम जर्मनीचा. ११ एप्रिल १९६९ला उद्घाटन झालं. त्याच घरातलं 'रेडिओ व्हेरितास' फिलिपिन्सच्या लोकांसाठी बोलायचं, आणि 'एशिया' आपल्यासारख्यांसाठी, निरनिराळ्या आशियाई भाषांत.

तुमचं कार्ड आलं त्याच्या पुढच्याच वर्षी या रेडिओनं जे केलं ते मी वर्तमानपत्रात वाचलं आणि गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची राजवट होती, सरकारी रेडिओ त्यांचाच. २२ फेब्रुवारी १९८६ला संरक्षणमंत्री आणि एक वरिष्ठ सेनाधिकारी फुटून लष्करी तळावर अडकले. मनिलाचे मुख्य कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल जैमे सिन यांनी व्हेरितासवरून लोकांना सांगितलं, त्या तळाकडे जा, त्यांना जेवण द्या. लोक निघाले, एडसा नावाच्या रस्त्यावर रणगाड्यांसमोर बसले. दुसऱ्या दिवशी मार्कोस यांच्या सैनिकांनी व्हेरितासचा ट्रान्समीटर फोडला. पण निवेदिका जून कीथली दुसऱ्या स्टेशनात जाऊन बोलत राहिल्या, त्याचं नाव पडलं 'रेडिओ बँडिडो', म्हणजे दरोडेखोर रेडिओ. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले. त्या वर्षीचा मॅगसेसे पुरस्कार रेडिओ व्हेरितासला मिळाला. आदल्या वर्षी तो आपल्या बाबा आमट्यांना होता.

आता कार्ड का आलं ते. श्रोत्यानं कोणत्या दिवशी, किती वाजता, काय ऐकलं, आवाज कितपत स्वच्छ होता हे कळवायचं. स्टेशन पडताळून पाहायचं आणि पावती म्हणून कार्ड पाठवायचं. म्हणजे आजोबांनी सकाळी सहा वाजता कागद-पेन घेऊन नीट टिपण काढलं असणार, तेही घड्याळ बघून! एअरमेलचा खर्च निराळा.

व्हेरितास एशियाचं शॉर्ट वेव्ह प्रसारण ३० जून २०१८ला बंद झालं, आता ते इंटरनेटवर आहे. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, शाई चिकटते. वहीच्या दोन कोऱ्या पानांत ठेवा. आणि ट्रंक तळापर्यंत पाहा. एकदा कार्ड मागवणारा माणूस एकावर थांबत नाही, हे मी दुकानात बघितलंय.