आधी वाटीत फुंकर मारा

ताई, पुढचं वाचण्याआधी उठून त्या नव्या पोपटाच्या दाण्याच्या वाटीत एक फुंकर मारून या.

तुम्ही लिहिलंय की नणंदेची पुण्याला बदली झाली म्हणून तिचा करडा कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) चार दिवसांपूर्वी इंदूरला सुदामानगरात तुमच्याकडे आला. हात नेला की फुत्कारतो, चावतो. सकाळी भरलेली वाटी संध्याकाळीही तशीच दिसते. आणि मुलं रोज विचारतात, हा बोलणार कधी?

वाटीचं आधी. हा पक्षी दाणा सोलून खातो आणि टरफल पुन्हा वाटीतच टाकतो. माझ्या पहिल्या कॉकाटीलच्या वेळी मी दोन दिवस भरलेली वाटी बघून निश्चिंत होतो. आई आली, तिने सुपात पाखडल्यासारखी वाटी हलवून फुंकर मारली आणि तळाशी सात-आठ दाणे उरले. बाकी सगळं फोलपट! पक्षी भुकेला आणि मी आपला आईला सांगतोय, 'फार खात नाही गं.'

तुमच्याकडे टरफलं उडाली तर तो खातोय, रोज दोनदा वाटी बदला, एवढंच. अख्खे दाणे राहिले तर मात्र पिंजऱ्याच्या तळाला घातलेला वर्तमानपत्राचा कागद बघा. निरोगी शिटेत तीन गोष्टी दिसतात: हिरवट-तपकिरी गोळी, पांढरा भाग आणि थोडं पाणी. दिवसभरात मोजक्याच शिटा, त्याही नुसत्या पाण्यासारख्या किंवा गर्द हिरव्या असतील, तर 'नवीन जागा आहे, रुळेल' म्हणत बसू नका. एवढ्याशा जिवाला एक दिवसाचा उपासही जड जातो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना पक्ष्यांचं कळतं असं नाही, म्हणून पक्षी बघणारं कोण आहे हे आजच विचारून ठेवा. जवळच महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करा.

पक्षी आजार लपवतो. पिसं फुगवून तळाशी बसला, श्वासाबरोबर शेपटी वरखाली व्हायला लागली, की समजायचं बरंच उशिरा कळलंय. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहा. काट्यावर वाटीत थोडे राळे (बारीक धान्य) ठेवले की काही दिवसांत स्वतःहून चढतो. तोपर्यंत तळाच्या कागदावरच भिस्त. मोठा कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा. नेहमीच्या वजनात दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर, मग तो कितीही टुणटुणीत दिसो.

आता फुत्कारण्याचं. तुरा मागे चप्प बसवून फुत्कारतो तेव्हा तो रागावलेला नसतो, घाबरलेला असतो. त्याचं घर, माणसं, आवाज, सगळं एका दिवसात गेलं. दोन आठवडे हात आत घालायचा नाही, पाणी-दाणा बदलण्यापुरता सोडून. पिंजरा भिंतीला लागून, माणसं वावरतात अशा खोलीत, तुमच्या छातीच्या उंचीवर ठेवा. शेजारी बसून पेपर वाचा, मटार सोला, त्याच्याकडे टक लावून बघू नका. मुलांना मोठ्याने गोष्टीचं पुस्तक वाचायला बसवा, दोन्ही कामं होतात. एका पायावर उभा राहून चोच करकर घासायला लागला की तो निवांत झाला समजा. मग जाळीतून राळ्याचं कणीस पुढे करायचं, आणि हातावर यायचं की नाही हे त्याला ठरवू द्यायचं.

रात्री अचानक धडपडला तर दचकू नका. कॉकाटील अंधारात पालीच्या सावलीलासुद्धा घाबरून पंख आपटतात. झिरोचा दिवा लावा, पिंजरा तीन बाजूंनीच झाका. दहा-बारा तास झोप हवी, म्हणजे टीव्हीच्या खोलीत रात्री अकरापर्यंत नको. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री सगळ्यात आतल्या खोलीत न्या.

खाणं. सियागंजच्या बाजारात कंगनी मागा, तेच आपले राळे. त्यात बाजरी, आणि सूर्यफुलाच्या बिया अगदी चिमूटभर, कारण त्या त्याला आवडतात आणि चरबी चढवतात. रोज मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग. पिंजऱ्यात समुद्रफेणाचा (कटलबोनचा) तुकडा अडकवा, कॅल्शियमसाठी. आणि शेव नाही! इंदूरच्या घरात हे सांगावं लागतं, कारण आपण पोह्यांवरच काय, कशावरही शेव घालतो आणि पोपट आशेने बघायला लागला की कुणीतरी दोन काड्या देतंच. मीठ आणि तेल त्याला झेपत नाही. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, सफरचंदाच्या बिया आणि अव्होकाडो तर विषच.

स्वयंपाकघरात पिंजरा नको. नॉनस्टिक तवा कोरडा तापला तर त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, आणि आपल्याला वासही येत नाही. डासांची कॉइल, धूप, रूम फ्रेशनर त्याच्या खोलीत बंद. उलट बाजूने, त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात कुणाला दमा असेल तर पिंजरा त्यांच्या झोपण्याच्या खोलीत ठेवू नका.

आणि पंखा. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी बटण बंद, पाती पूर्ण थांबलेली, खिडक्या लावलेल्या, आरसा झाकलेला. मे महिन्यात घामाने चिंब झालो तरी आमच्याकडे यात सूट नाही. का ते लिहवत नाही.

बोलण्याचं थोडक्यात. करड्या कॉकाटीलमध्ये मोठ्या नराचा चेहरा पिवळाधमक होतो. तसा असेल तर शीळ नक्की शिकेल, एखाद-दुसरा शब्दही. चेहरा करडाच राहिला तर बहुधा मादी, ती फारसं बोलत नाही. तिने कधी कोपऱ्यात अंडं घातलं तर घाबरू नका, नराशिवायही घालतात.

सासूबाई म्हणाल्या की याच्यापेक्षा देशी मिठू आणायचा, तो 'राम राम' तरी म्हणतो. रामबागेत आमच्या आजीकडेही होता एक, गोल पिंजऱ्यात, आणि ओल्या चणाडाळीसाठी घर डोक्यावर घ्यायचा. पण आपला हिरवा पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सासूबाईंना हे मुलाकडून सांगवा, तुमच्यावर यायला नको. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याला ही अडचण नाही.

वाटीत काय निघालं ते आजच कळवा. वजनाचे चार-पाच दिवसांचे आकडे जमले की तेही टाका, मग पिंजऱ्याच्या मापाचं बोलू.