सुई-दोरा : व्याह्यांचा किल्ट, जावयाची कंबर

प्रश्न : ताई, आमच्या मुलीचं लग्न डिसेंबरात इथेच इंदुरात आहे. जावई ग्लासगोचे. सीमांतपूजनाला ते त्यांच्या वडिलांचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा, प्लेटांचा पोशाख, घालणार आहेत. व्याह्यांनी तो स्वतःच्या लग्नात घातला होता आणि आता मोठ्या हौसेनं आमच्याकडे आधीच पाठवून दिलाय. त्याची कंबर ३८, जावयांची ३४. राजवाड्याजवळच्या आमच्या नेहमीच्या मास्टरजींना दाखवला, तर ते म्हणाले, "पुढून चार इंच कापतो, परवा घेऊन जा." माझा धीर होईना. शिवाय आमचे धाकटे दीर आत्तापासूनच 'घागरा, घागरा' करून हसतायत. काय करू?
– एक वधूमाय, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : किल्ट मास्टरजींच्या दुकानातच असेल तर आधी रिक्षा करून तो घरी आणा, उत्तर नंतर वाचा.

माझं दुकान रामबागेत. वरातीतल्या पाइप बँडवाल्यांच्या वर्द्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यामुळे किल्ट उसवून आतून पाहिलेत. त्यांचे बहुतेक टेरीकॉटचे, मशीनवर दणादण मारलेले असतात. तुमच्या व्याह्यांचा लोकरी आणि हातशिलाईचा असणार. उलटा करून प्लेटांच्या कडेचे टाके बघा. बारीक, थोडे कमी-जास्त अंतरावर दिसले तर हाताचे समजा. असा किल्ट कापायचा नसतो, उसवायचा असतो.

मास्टरजींनी पुढून कापायचं का म्हटलं ते मला कळतं. पुढची बाजू सपाट दिसते, काम सोपं वाटतं. पण किल्टला पुढे दोन पल्ले असतात, एकावर एक. वरचा पल्ला घालणाऱ्याच्या उजव्या हाताला संपतो आणि त्या कडेला झालर असते. चौकड्यांची नक्षी या पल्ल्याच्या बरोबर मध्ये बसवलेली असते. चार इंच कापले की मध्य हलला, झालर गेली, आणि कापड परत जोडता येत नाही. खालची कड तर अजिबात कापू देऊ नका. तिथे दुमड नसते, कापडाचा मूळ काठच खाली ठेवलेला असतो.

आता माप. ३४ हा आकडा कुठून आला? जीन्सच्या लेबलवरून आला असेल तर तो विसरा. जीन्स ओटीपोटावर बसते, किल्ट त्याच्या बराच वर, बेंबीच्या आसपास किंवा किंचित वर बसतो. तिथलं माप वेगळं निघतं, आणि पुष्कळदा जास्तच. जावयांना सांगा, शर्ट खोचून बेंबीवरून टेप फिरवा, पोट आत न ओढता. (मुलीलाच घ्यायला सांगा. पुरुषमंडळी टेप हातात आला की श्वास धरतात.) दुसरं माप ढुंगणाच्या सर्वांत रुंद जागी. ही दोन्ही मापं किल्टवरही घ्या, पट्टे नेहमीच्या भोकात लावून, आतल्या बाजूनं. फरक चार इंचांचाच आहे की दोनचा, ते तेव्हा कळेल.

फरक दोन इंचांपर्यंत असेल तर प्लेटांना हातसुद्धा लावू नका. बक्कलं सरकवा. डाव्या कमरेवर एक चीर असते, खालच्या पल्ल्याचा पट्टा त्यातून बाहेर येऊन बक्कलात जातो. उजवीकडे वरच्या पल्ल्याचा पट्टा. दोन्हीकडची बक्कलं मागे सरकवायची, एकाच बाजूची नाही, नाहीतर पुढचा पल्ला तिरका जातो. जुन्या जागी बक्कलाच्या दाबाची खूण राहते, ती ओल्या फडक्यावरून वाफ दिल्यावर बरीचशी जाते. दोन इंचांच्या पुढे ही युक्ती चालत नाही. वरचा पल्ला उजवीकडच्या प्लेटांवर चढतो आणि आरशात पाहिल्यावर माणूस वळून उभा आहे असं दिसतं.

खरोखर चार इंच असतील तर मागून घ्यायचे, प्लेटांतून. पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीच्या जवळपास, आणि त्यातलं बहुतेक मागच्या प्लेटांत दडलेलं असतं. प्लेटा मोजा. समजा २४ निघाल्या. प्रत्येक प्लेट कमरेपाशी एक सूत आत घेतली तर तीन इंच गेले. उरलेला एक इंच बक्कलांवर. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढ्यानं चौकड्यांची नक्षी बिघडत नाही. प्लेटा किती आहेत त्यावरून हिशेब बदलेल, पण रीत हीच. मात्र सगळे चार इंच प्लेटांतून ओढू नका. पुढचा पल्ला आहे तेवढाच रुंद राहतो, तो मग दोन्ही कुल्ह्यांवर पसरतो.

काम असं. आधी प्लेटांच्या खालच्या भागात, गुडघ्याकडच्या अंगाला कच्च्या टाक्यांच्या आडव्या दोन ओळी घाला, म्हणजे वरचं उसवल्यावर आठ वार लोकर मांडीवर पसरणार नाही. मग आतलं अस्तर, कमरेची पट्टी आणि मागचा कॅनव्हास (ताठपणासाठी घातलेलं जाड कापड) सोडवा. आतमध्ये वरच्या भागातलं जास्तीचं कापड आधीच कापून काढलेलं दिसलं तर घाबरू नका, कंबर जाड होऊ नये म्हणून किल्ट शिवणारेच तसं करतात. प्लेटांची शिलाई कमरेपासून ढुंगणापर्यंत असते, तिथून खाली प्लेट मोकळी. ती शिलाई उसवून वर एक सूत, खाली येत येत शून्य, अशी तिरपी खूण करायची. ढुंगणाचंही माप सैल असेल तरच खालीही घ्यायचं. प्रत्येक प्लेटवर चौकडीतली एकच उभी रेघ मधोमध दिसत असेल, फौजी किल्टांत तशी पद्धत आहे, तर अर्धं सूत इकडून, अर्धं तिकडून घ्या. पूर्ण चौकडी मागेही दिसत असेल तर एका बाजूनं चालतं. शिलाई हातानंच, धागा जिथे जो रंग तिथे तो. कॅनव्हास परत बसवताना तो सुरकुतला तर नवा घाला, कोट शिवणाऱ्यांकडे मिळतो.

हे काम ब्लाउज-फॉल करणाऱ्यांकडे देऊ नका. कोटाचा मास्टर पाहा, नाहीतर सरळ महूला जा, छावणीत वर्दी शिवणारे कारागीर आहेत. "दोन दिवसांत" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. आणि जावई येईपर्यंत पक्की शिलाई करायची नाही. कच्च्या टाक्यांवर ठेवा, अंगावर बघा, त्यांना गुडघे टेकून बसवा. खालची कड जमिनीपासून जेमतेम वर राहायला हवी. मग रात्रीतून पक्कं होतं. इस्त्री घासायची नाही, ओलं सुती फडकं ठेवून दाबायची.

किल्टला पुढे लावतात ती पिन वरच्या एकाच पल्ल्याला लावायला सांगा. दोन्ही पल्ल्यांतून घातली तर बसताना कापड फाटतं, आणि तेही भर मांडवात.

दिरांना सांगा, याच वेषावर ब्रिटिश सरकारनं १७४६ साली कायदा करून बंदी घातली होती, ती १७८२ साली उठली. सरकार घाबरलं अशा कापडाला हसू नये म्हणावं. तरी हसलेच तर वरातीत त्यांना सोवळं नेसवा.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. शाळेनं दिलेला चौकड्यांचा स्कर्ट तिला कमरेत तीन इंच मोठा होतो. पिना लावल्या की टोचतात. २६ जानेवारीची परेड आहे. कापून घेऊ का?
– एक वडील, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : स्कर्ट शाळेचा आहे आणि मुलगी वाढतेय, तेव्हा कात्री लांब ठेवा. वरचं लांबलचक उत्तर तुमच्यासाठी नाही. तुमचा टेरीकॉटचा आणि मशीनचा असणार. कमरपट्टीच्या आत, मागच्या बाजूला दोन्ही कुल्ह्यांपाशी थोडं इलॅस्टिक घालून घ्या, पुढची बाजू सपाट राहू द्या. पट्टीच्या टोकाला हूक असेल तर तो अडकवायला आतल्या अंगाला आणखी एक कडी लावा. पुढच्या वर्षी काढून टाकता येईल. तासाभराचं काम आहे. परेडच्या आदल्या दिवशी मात्र तिला ड्रम गळ्यात घालूनच घरात चालवून बघा, ड्रमच्या वजनानं स्कर्ट खाली सरकतो.