सहलीआधीचे दोन दिवस पॅरिसमध्ये

प्रश्न : आम्ही शाळेपासूनच्या चार मैत्रिणी, साठीच्या आसपासच्या, एका सहल कंपनीबरोबर युरोपला निघालो आहोत. सहल पॅरिसहून सुरू होते. त्याआधी दोन दिवस तिथे आपापले राहावे म्हणतो. काय पाहावे आणि कशाची काळजी घ्यावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बेत उत्तम आहे, मात्र व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वीच कंपनीला कळवा, कारण शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा), प्रवास विमा आणि हॉटेलचे आरक्षण या तिन्हींत हे जादा दिवस धरलेले असावे लागतात आणि समूहाच्या विमान तिकिटात मागाहून बदल करणे महागात पडते.

आयफेल टॉवर आणि सेन नदीतली फेरी सहलीत बहुधा असतेच, तेव्हा ती सोडा. त्याऐवजी ओर्से संग्रहालय पाहा. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या रेल्वे स्थानकात ते १९८६ मध्ये सुरू झाले, आणि वरच्या मजल्यावरच्या भल्यामोठ्या घड्याळाच्या काचेतून नदीपलीकडचे शहर दिसते. (चौघींच्या गप्पा तिथेच रंगणार, हे धरून वेळ ठेवा.) ते सोमवारी बंद असते, लूव्र हे दुसरे मोठे संग्रहालय मंगळवारी.

गुडघे कुरकुरत असतील तर मेट्रोपेक्षा बस बरी. जुन्या स्थानकांत जिने फार आणि लिफ्ट क्वचित. मोंमार्त्रच्या टेकडीवर फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने, जाता येते. घरच्यासारखे जेवण हवे झाल्यास गार द्यू नोर स्थानकाजवळच्या ला शापेल भागात तमिळ खानावळी आहेत.

सहलीचे हॉटेल बरेचदा शहराबाहेर असते, म्हणून या दोन रात्रींसाठी शहरातले घ्या आणि नंतर सहलीच्या हॉटेलकडे जाताना चौघींच्या बॅगा मावतील अशी मोठी टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.