जुन्या झेनच्या स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच खाली करावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्याकडे २००३ची मारुती झेन आहे, ती बहुतेक धुळे–जळगाव पट्ट्यातच फिरते, ती दोन इंच खाली आणायची आहे, आणि गॅरेजवाला म्हणतो की नव्या स्प्रिंगांवर पैसे घालण्यापेक्षा आहेत त्यांचाच एकेक राउंड, म्हणजे वेढा, कापून देतो. मी भुसावळला राहतो आणि स्वतःच्या झेनवर हे दोन्ही प्रकार करून बसलो आहे. माझे मत असे की योग्य स्प्रिंगा आणि नवे शॉकअप (स्प्रिंगेची उसळी आवरणाऱ्या नळ्या) एकत्र बसवून गाडी २० ते २५ मिलिमीटर खाली आणण्यास हरकत नाही. दोन इंच आणू नये, आणि राउंड तर मुळीच कापू देऊ नये.

गाडी खाली करताना आपण उंचीचा विचार करतो, पण खर्ची पडते ती चाकाला वर जाण्यासाठी ठेवलेली जागा. खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जाताना चाक वर सरकते, स्प्रिंग दबते, आणि ती वाट संपली की शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी बंप स्टॉप आडवा येतो. तिथून पुढचा धक्का स्प्रिंग झेलत नाही, तो थेट पत्र्याला आणि आपल्या मणक्याला बसतो. गाडी जितकी खाली आणाल तितकी ही वाट आधीच वापरून झालेली असते. म्हणूनच खाली आणलेल्या गाडीची स्प्रिंग थोडी अधिक कडक असावी लागते, आणि कडक स्प्रिंग आवरायला शॉकअपही तितकाच दमदार लागतो. वीस वर्षांच्या झिजलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग बसवली, तर गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर दोन-तीनदा उसळत राहते.

राउंड कापल्यानेही स्प्रिंग कडक होतेच, असे गॅरेजवाला सांगेल आणि ते खरेही आहे, परंतु पुढचा हिशेब तो करत नाही. उदाहरणादाखल धरू की पुढच्या एका स्प्रिंगवर २०० किलो भार आहे, ती एक मिलिमीटर दाबायला २ किलो लागतात, आणि तिचे सहा वेढे प्रत्यक्ष काम करतात. म्हणजे उभ्या गाडीत ती १०० मिलिमीटर दबलेली असते. एक वेढा कापला की पाच उरतात, कडकपणा २.४ किलोवर जातो आणि त्याच भाराखाली ती ८३ मिलिमीटरच दबते. कापलेल्या वेढ्याने मोकळी लांबी समजा ५५ मिलिमीटरने घटली, तर गाडी खाली येते ५५ वजा १७, म्हणजे ३८ मिलिमीटर. इथवर ठीक वाटते. पण शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी आहे तितकीच राहते. चाक लोंबकळत असताना मूळ स्प्रिंग जर ३० मिलिमीटर दबलेली राहत असेल, तर कापलेली स्प्रिंग त्या वेळी २५ मिलिमीटर सैल पडते; तिला धरून ठेवणारे काहीच नसते.

हे मला हिशेबाने नव्हे, पंक्चरने कळले. सावद्याहून रावेरकडे जाताना मागचे चाक बदलायला जॅक लावला, आणि आतून खणकन आवाज आला. स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटून फिरली होती. जॅक उतरवल्यावर ती वाकडीच बसली आणि गाडी एका अंगाला कललेली उभी राहिली. बाजूने केळीचे ट्रक जात होते आणि मी रस्त्याच्या कडेला पहारीने स्प्रिंग सरकवत होतो. त्यात मूळ स्प्रिंगेचे टोक बैठकीच्या खाचेत नेमके बसेल असे वळवलेले असते. कापलेल्या टोकाला तो आकार उरत नाही, त्यामुळे ते एकाच बिंदूवर टेकते आणि कालांतराने तिथेच तडकते. काही ठिकाणी कापण्याऐवजी गॅसने वेढे लाल करून गाडी ‘बसवतात’. स्प्रिंगेच्या पोलादाला जी लवचीकता पाणी देऊन आणलेली असते, तीच त्या उष्णतेने जाते. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता दोन इंचांना माझा विरोध का, ते सांगतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. झेनच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २३३५ मिलिमीटर आहे, म्हणजे अशा गतिरोधकावर दोन्ही चाके एकाच वेळी चढलेली असतात आणि मधला उंचवटा पोटाकडे जेमतेम ४ सेंटिमीटर येतो. असे गतिरोधक सगळीकडे असते, तर दोन इंच खुशाल कमी करा असे मी म्हटले असते. पण यावल–फैजपूर रस्त्याच्या कडेच्या गावांतून जाऊन पाहा. गावकऱ्यांनी रातोरात घातलेला दीड फूट रुंदीचा गतिरोधक दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, आणि त्याची सगळी उंची गाडीच्या पोटाला भिडते. झेनचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर, सुमारे १६५ मिलिमीटर. पाच माणसे आणि डिकीत नातेवाइकांसाठी भरताच्या वांग्यांची गोणी असली की तो सहज ४५ मिलिमीटरने घटतो, उरले १२०. साडेचार इंची गतिरोधक ११४ चा. मूळ गाडी कशीबशी पार होते. दोन इंच खाली आणलेल्या गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, तिथेच फुटेल.

दुसरे कारण आपल्या जमिनीचे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी लाटांसारखा वरखाली झालेला असतो. ताशी ७० किलोमीटर वेगाने अशा लाटेवर गेलात की एकही खड्डा नसताना स्प्रिंग बरीच दबते. आपली गाडी किती दबते ते अंदाजाने ठरवू नका. पुढच्या शॉकअपचे धूळरोधक रबर वर सरकवून चकचकीत दांड्यावर एक झिप टाय घट्ट बांधा, ती खाली नळीपर्यंत सरकवा, आणि भरलेल्या गाडीने रोजच्या रस्त्यावर चक्कर मारून या. टाय जिथवर सरकली तिथपासून बंप स्टॉपपर्यंतची जागा तीच आपली शिल्लक. माझ्या गाडीत ती ३० मिलिमीटर भरली, म्हणून मी २५ वर थांबलो. त्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. या वयाच्या गाडीच्या मूळ स्प्रिंगा थकून बसलेल्या असतात आणि कधी कधी आपण समजतो त्यापेक्षा ती आधीच खाली आलेली असते.

स्प्रिंगा घेताना विक्रेत्याला मोकळी लांबी आणि कडकपणा दोन्ही विचारा. बसवल्यावर चाक लोंबकळत ठेवून स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. फिरली तर ती परत करा. पुढचा शॉकअप उघडण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचा नट सैल करू देऊ नका, तारेने बांधून काम भागवणाऱ्याकडे तर गाडी ठेवूच नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा फोडते. सोबत वरचे माउंटिंग, त्यातले बेअरिंग आणि बंप स्टॉप नवे घाला. एक बारीक गोष्ट बहुतेक मिस्त्री विसरतात: लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे रबरी जोडाचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. चाक लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात लवकर फाटते.

पुढे लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाईल इतकी गाडी उतरवू नये. त्या स्थितीत गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातो, आणि कन्नडच्या घाटात वळणावर ती आधीपेक्षा जास्त कलू पाहते. मागे आडवा रॉड एका बाजूने बॉडीला आणि दुसऱ्या बाजूने ॲक्सलला जोडलेला असल्याने गाडी खाली आली की ॲक्सल किंचित एका बाजूला सरकतो. २५ मिलिमीटरला तो फरक दुर्लक्ष करण्यासारखा असतो. टो (चाके पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाक उभे असताना आत-बाहेर कललेले असण्याचा कोन) मात्र बदलतातच, म्हणून लगेच एकदा आणि ५०० किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा अलाइनमेंट करा, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतील.

कायद्याचेही सांगायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. २००३ च्या गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते, त्या वेळी निरीक्षक हरकत घेऊ शकतो. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि मूळ स्प्रिंगा ग्रीस लावून जपून ठेवा.

माझी गाडी आता २५ मिलिमीटर खाली आहे. रस्त्याला ती छान धरते. तरीही वर दिलेला हिशेब मलाही चुकलेला नाही: भरल्या गाडीने आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक ओलांडताना मागच्या तिघांना अजूनही उतरावे लागते, आणि त्यात आमची आई असली तर ती माझ्या या हौसेबद्दल काय बोलते ते इथे लिहिता येणार नाही.