सुल्मोनाचं जंक्शन आणि आपली शकुंतला

प्रश्न : भाऊ, माझा भाचा इटलीत शिकायला आहे. त्यानं सुल्मोना गावच्या स्टेशनाचा फोटो पाठवला. म्हणे, बंद पडलेल्या लाइनीवर तिथं पुन्हा गाडी धावते. मग आमच्या बंद पडलेल्या शकुंतलेचं, मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीचं, काय? रुंद रुळांची ब्रॉडगेज व्हावी, की हीच चालू करावी?
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी

उत्तर : ताई, सुल्मोना म्हणजे आपल्या मूर्तिजापूरसारखंच जंक्शनचं गाव. रोमहून पेस्काराकडे जाणारी लाइन तिथून जाते, लाक्विलाकडे एक फुटते आणि एक दक्षिणेला डोंगर चढते. भाचा म्हणतो ती हीच, 1897 सालची. तिच्यावरचं रिव्हिसोंदोली स्टेशन 1268 मीटरवर आहे, आपल्या चिखलदऱ्याहून उंच. 1943 मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानं ती उद्ध्वस्त केली. सगळी पुन्हा जोडायला 1960 उजाडलं. पुढं प्रवासी घटले आणि 2011 मध्ये रोजची गाडी थांबली. पण रूळ जागेवर राहिले, म्हणूनच 2014 पासून जुन्या डब्यांची पर्यटन गाडी सुरू करता आली. 2017 मध्ये तर अशा लाइनी जपण्यासाठी तिथं कायदाच झाला.

आता आपलं. मूर्तिजापूर–यवतमाळ 113 किलोमीटर, मूर्तिजापूर–अचलपूर 76. दोन रुळांत अंतर अडीच फुटांचं, म्हणजे नॅरोगेज. मँचेस्टरचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत या लाइनीवर धावलं. मी रेल्वेत होतो, तेव्हाचे गार्ड डोळ्यांसमोर आहेत. हॉल्ट आला की गार्डच खाली उतरायचा, पेटी उघडून तिकिटं द्यायचा, शेवटची म्हातारी डब्यात चढली की मगच हिरवी झेंडी. कापसाच्या गाठींसाठी टाकलेली ही लाइन पुढं गरिबांची झाली. एसटीचं भाडं ज्यांना जड जायचं, ते हिनंच जायचे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. नुसती पर्यटन गाडी आपल्याला पुरायची नाही. सुल्मोनाची मोठी लाइन रोज चालू आहे, डोंगरातली गाडी हौसेची असली तरी तिथं भागतं. अंजनगाव, दर्यापूरच्या माणसाला दवाखान्यात जायचं असतं, पोरांना कॉलेजात, संत्रं बाजारात. त्यासाठी ब्रॉडगेजच हवी. पण तिचं काम प्रत्यक्ष सुरू होईस्तोवर एकही रूळ उचलू देऊ नका आणि रेल्वेच्या जागेवर अतिक्रमण होऊ देऊ नका. जागा एकदा गेली की नव्या लाइनीसाठी पुन्हा भूसंपादन आलं, आणि त्यात किती वर्षं जातात ते आपल्या भागाला सांगायला नको. मूर्तिजापूरचं नॅरोगेज शेड मात्र ब्रॉडगेज आली तरी तसंच जपावं, ही मागणी ब्रॉडगेजच्याच अर्जात घाला.

पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूर, सगळ्या गावांचे ठराव एकाच मजकुराचे असू द्या. वेगवेगळे अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहतात. मजकूर हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी लिहून देतो.